बाथरूमच्या खिडकीची सिल: कुठलं फिनिश टिकतं आणि का

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सिल म्हणजे खिडकीच्या चौकटीखालची आडवी पट्टी. बाथरूम नव्याने करताय. खिडकी शॉवरच्याच भिंतीत, साधारण छातीच्या उंचीवर आहे. जुनी सिल लाकडाची होती. तिचा रंग दर वर्षी-दोन वर्षांनी सोलायचा, शेवटी कोपरे कुजले म्हणून ती काढून टाकली. आता समोर चार पर्याय आहेत: पुन्हा चांगलं लाकूड आणि त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, भिंतीचीच टाईल सिलवर फिरवणं, दगडाची पट्टी, किंवा नुसता गिलावा करून वॉटरप्रूफ रंग. यातलं सगळ्यात जास्त काय टिकेल?

शॉवरचा फवारा जिथे पोचतो तिथे मी एका अखंड तुकड्याची ग्रॅनाइटची पट्टी लावतो. किंवा मोठ्या पोर्सेलिन टाईलमधून कापून काढलेली अखंड पट्टी. हाताशी सॉलिड सरफेसचं (अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीचं, पुढे सांगतो) काम खरोखर येणारा कारागीर असेल तर तीही उत्तम. लाकूड आणि रंग, दोन्ही शॉवरखाली नकोत. मात्र यातली कुठलीही पट्टी सपाट बसवली, किंवा तिच्याखाली वॉटरप्रूफिंग केलं नाही, तर दगड जसाच्या तसा राहील आणि भिंत जाईल. म्हणून आधी खालच्या कामाबद्दल लिहितो, पट्टीबद्दल नंतर.

मागे एका घरातली सिल मी काढली. वरून बघितलं तर काहीच बिघडलेलं नव्हतं. राखाडी ग्रॅनाइट, चकचकीत, एक ओरखडा नाही. तक्रार वेगळीच होती: सिलखालच्या टाईल वाजवल्या की पोकळ आवाज यायचा आणि भिंतीच्या पलीकडे, झोपायच्या खोलीत, रंगाचे पोपडे निघत होते. मी पट्टीवर कपभर पाणी ओतलं आणि नुसता बघत उभा राहिलो. पाणी पुढे आलंच नाही. ते हळूहळू मागे, चौकटीकडे सरकलं, डाव्या कोपऱ्यात गोळा झालं आणि तिथे थांबलं. काही मिनिटांनी त्याची कड खाली गेलेली दिसली. पाणी कमी होत होतं आणि बाथरूमच्या बाजूला एक थेंबही पडला नव्हता. चौकटीला लावलेलं सिलिकॉन त्या कोपऱ्यात नखाएवढं सुटलं होतं. तेवढी फट त्याला पुरली.

छिन्नी लावून पट्टी उचलली. खाली माल, म्हणजे सिमेंट-वाळूचं मिश्रण, पाच ठिकाणी गोळे टाकून वर दगड दाबलेला होता, मधली जागा पोकळ. त्या पोकळीत तपकिरी पाणी साठलेलं, कुबट वास, आणि सिमेंटच्या गोळ्यांवर कापसासारखा पांढरा क्षार. खालचा गिलावा बोटाने खरवडला तर वाळूसारखा सुटत होता. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आम्ही रोज पुसून कोरडं ठेवत होतो हो." खरंच ठेवत होत्या. वरच्या दगडाकडे बघून ते कळत होतं. पण वरून पुसलं तरी जे आत शिरलं होतं ते बाहेर येणार कसं?

सिलवर पाणी तीन वाटांनी येतं. पहिली वाट शॉवरची, ती सगळ्यांना दिसते. दुसरी काचेची: गरम पाण्याची वाफ गार काचेवर जमते, थेंब ओघळतात आणि चौकटीच्या खालच्या कडेला, बरोबर सांध्यावर येऊन बसतात. शॉवर दूर असलेल्या बाथरूममध्येही ही वाट चालूच असते. तिसरी बाहेरून: पाऊस वाऱ्याने काचेवर आपटतो आणि सरकत्या खिडकीच्या रुळात उतरतो. त्या रुळाला बाहेरच्या बाजूने पाणी निघायला बारीक भोकं ठेवलेली असतात. गळती थांबवायची म्हणून ती भोकं सिलिकॉनने बुजवलेली मी इतक्या वेळा पाहिली आहेत, की आता कुठल्याही कामावर गेलो की आधी तीच बघतो. भोकं बंद झाली की रूळ भरतो आणि पाणी आतल्या बाजूने, तुमच्या नव्या सिलच्या मागे उतरतं. ती मोकळी करून घ्या, त्याशिवाय पुढचं काम सुरू करू नका.

आता ढाळ. सिल बाथरूमच्या आतल्या बाजूला उतरती हवी. दर फुटाला पाव इंच, म्हणजे साधारण २ टक्के, हा किमान ढाळ धरा. ९ इंच खोल सिलला मागून पुढे सुमारे ५ मिमी होतात. थेट फवाऱ्याखाली असेल तर मी ७ मिमीपर्यंत देतो. "शांपूची बाटली घसरेल" असं हमखास कोणीतरी म्हणतं. एवढ्या ढाळावर बाटली घसरत नाही, मी ठेवून दाखवतो. ढाळ द्यायचा तो पट्टीखालच्या मालात, आणि तोही वॉटरप्रूफिंगच्या आधी. पुष्कळ गवंडी खालचा थर सपाट ठेवतात आणि पट्टी चिकटवताना मागे थोडा जास्त माल टाकून तिला ढाळ देतात. वरून सगळं ठीक दिसतं, पण सांध्यातून उतरलेलं पाणी खालच्या सपाट थरावर बसून राहतं. वरचा दगड जसा उतरता, तसाच खालचा थरही उतरता हवा.

वॉटरप्रूफिंगला नेहमीचं पॉलिमर मिसळलेलं सिमेंटचं कोटिंग चालतं. दोन हात, पहिला आडवा तर दुसरा उभा, मध्ये डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ. कोपऱ्यांत फॅब्रिकची पट्टी पहिल्या ओल्या हातात दाबून बसवायची. कोटिंग सिलवर थांबवायचं नाही. बाजूच्या उभ्या पट्ट्यांवर निदान ६ इंच वर चढवायचं, पुढे भिंतीवर उतरवून शॉवरच्या भिंतीच्या कोटिंगला मिळवायचं आणि मागे चौकटीला टेकेपर्यंत न्यायचं. टाईल, दगड, ग्राउट (टाईलच्या सांध्यात भरतात ते मिश्रण) यांतलं काहीच वॉटरप्रूफिंग नाही. त्यांचं काम पाणी वरच्यावर वाहून नेण्याचं. जे थोडं आत झिरपतं त्याला अडवायचं काम या कोटिंगचं. आणि खालचा गिलावा पीओपीचा किंवा जिप्समचा असेल तर तो पूर्ण काढा. जिप्सम पाण्यात थोडं थोडं विरघळतं, ओल लागली की मऊ पडतं, मग वर कितीही भारी कोटिंग करा.

थर एकमेकांवर कसे चढतात हे कौलांसारखं समजून घ्या. वरचं कौल खालच्या कौलावर येतं, म्हणून पाणी कौलावरून कौलावर जातं. इथेही तसंच. आधी सिलखालची भिंतीची टाईल. तिच्यावर सिलची पट्टी, भिंतीच्या पुढे २५ ते ३० मिमी आलेली. मग सिलच्या अंगावर उभ्या राहणाऱ्या बाजूच्या टाईल. बाजूच्या टाईल आधी लावून त्यांच्या मध्ये पट्टी घुसवली, की दोन्ही टोकांना वर तोंड असलेले दोन सांधे तयार होतात आणि बाजूने ओघळणारं सगळं पाणी त्यांतच जातं. लादीवाल्याला हा क्रम कामाच्या आदल्या दिवशी सांगा. टाईल चढल्यावर सांगून उपयोग नाही. खिडकीही नवी बसणार असेल तर फारच चांगलं: आधी सिल, मग तिच्यावर चौकट. मागचा सांधा चौकटीच्या पोटाखाली जातो आणि निम्मी काळजी मिटते.

हे झालं की मग पट्टीची निवड.

ग्रॅनाइट मला आवडतं कारण ते चुका पोटात घालतं. त्यात कठीण खनिजं भरपूर, पाणी फार कमी पितं, बाथरूमच्या नेहमीच्या क्लीनरने त्याची चकाकी जात नाही. १८ ते २० मिमी जाडीची पट्टी, पुढची कड हलकी गोल किंवा नुसती धार मारलेली. मात्र काळ्या ग्रॅनाइटबद्दल एक सावधगिरी: काही दगड काळे दिसावेत म्हणून रंग किंवा तेल मुरवून विकले जातात. पांढऱ्या फडक्यावर अ‍ॅसिटोन घेऊन दगडाच्या मागच्या बाजूला आणि कडेला जोरात घासा. फडकं काळं झालं तर तो दगड नको. आणि पाणी जड असेल तर गडद चकचकीत दगडावर प्रत्येक थेंब वाळून पांढरा ठिपका सोडतो. मधल्या रंगाचा, दाणेदार दगड रोजच्या वापरात जास्त समाधान देतो.

संगमरवर सुंदर असतो, यात वाद नाही. तो पाणीही फारसं पीत नाही. त्याचं दुखणं आम्लाचं. संगमरवर म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल असलेलं क्लीनर त्यावर सांडलं की जागच्या जागी चकाकी खाल्ली जाते. तो डाग नसतो, दगडाचा पृष्ठभागच गेलेला असतो, पुसून निघत नाही, पॉलिशच करावं लागतं. आता गंमत बघा, पाण्याचे पांढरे थरही कार्बोनेटचेच, आणि ते काढायला बाजारात मिळणारी क्लीनर बहुतेक आम्लाचीच. म्हणजे ठिपके काढायला जाल तर दगड खाल. दुसरं, शेव्हिंग फोमचा पत्र्याचा डबा. त्याच्या बुडाची कड गंजते आणि ओल्या पांढऱ्या संगमरवरावर एका आठवड्यात तपकिरी वर्तुळ उमटतं, जे आत मुरलेलं असतं. तरीही संगमरवरच हवा असेल तर मॅट फिनिशचा घ्या, त्यावर आम्लाचे चट्टे कमी उठून दिसतात. आणि तो पांढऱ्या टाईल अ‍ॅडहेसिव्हवरच बसवा. साध्या करड्या सिमेंटवर बसवलेल्या फिक्या दगडात ओलीबरोबर खालचा करडेपणा वर येतो आणि पट्टी कायमची ढगाळ दिसते. कडाप्पाही चुनखडीच्याच जातीचा. आम्लाने तोही राखाडी पडतो, वर काळेपणासाठी त्याला अधूनमधून तेल लागतं. स्वयंपाकघराच्या मांडणीला तो ठीक, शॉवरखाली मी टाळतो.

दगड कुठलाही असो, घ्यायच्या आधी त्यावर पाण्याचे चार थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. थेंबाखाली दगड गडद झाला तर तो पाणी पितो. त्याला आत मुरणारा सीलर लागेल, आणि तो पट्टी बसवण्याआधी सहाही बाजूंना लावायचा. दोन-तीन वर्षांनी हीच थेंबांची परीक्षा पुन्हा करायची. थेंब मुरायला लागले की वरच्या बाजूला सीलरचा एक हात.

क्वार्ट्झच्या कृत्रिम पट्ट्यांबद्दलही तुम्हाला कोणीतरी सुचवेल. सुमारे ९० टक्के क्वार्ट्झ आणि बाकी रेझिन असं ते मिश्रण असतं. पाणी पीत नाही, डाग धरत नाही. पण खिडकीत ऊन येतं, आणि ते रेझिन उन्हाने पिवळं पडतं. खिडकीची सिल ही त्यासाठी चुकीची जागा. शिवाय ती कापताना उडणारी सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ कारागिरांच्या फुप्फुसांना कायमची जखडते. याच कारणासाठी ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या पट्ट्या, स्लॅब वापरण्यावर बंदी आणली. ग्रॅनाइट आणि पोर्सेलिनमध्येही सिलिका असतंच, प्रमाण कमी इतकंच. म्हणून पट्टी कुठलीही असो, कापणी पाणी सोडूनच व्हायला हवी आणि कापणाऱ्याच्या तोंडावर चांगला मास्क हवा. तुमच्या घरात बंद बाथरूममध्ये कोणी कोरडं कटर चालवत असेल तर काम थांबवा. तो नको म्हणेल, घाईत आहे म्हणेल, तरी थांबवा.

टाईलकडे येऊ. इथे दोन वेगळ्या वस्तूंना आपण एकच नाव देतो. भिंतीची साधी सिरॅमिक टाईल आतून सच्छिद्र असते. तिचं अंग वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकतं, फक्त वरचा चकाकणारा थर पाणी अडवतो. ती सिलवर आडवी टाकली आणि पुढची कापलेली कड उघडी राहिली, की पाणी त्या कडेतूनच आत शिरतं. पोर्सेलिन किंवा व्हिट्रिफाइड टाईलचं अंग अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त पाणी पीत नाही. सिलसाठी हीच. आणि तुकडे तुकडे जोडून नाही. सिलची रुंदी चार फूट असेल तर तेवढी लांब टाईल आणा आणि तिच्यातून एकच पट्टी काढा. सिलवरचा प्रत्येक ग्राउटचा सांधा म्हणजे पाण्यासमोर उघडं ठेवलेलं एक दार. या हिशेबाने मोझॅकच्या बारीक चौकोनांची सिल सगळ्यात वाईट, दिसायला कितीही मोहक असली तरी. एखादा सांधा टाळताच येत नसेल तर तो इपॉक्सी ग्राउटने भरा. सिमेंटचं ग्राउट पाणी पितं, काळं पडतं आणि मग ब्रशने घासून घासून खोल होत जातं.

पोर्सेलिनच्या पुढच्या कडेला आडवी आणि तिच्या पुढची उभी, अशा दोन्ही टाईल ४५ अंशांत कापून जोडायची पद्धत आहे. दिसते सुरेख, पण धार कागदासारखी पातळ होते आणि बादलीचा एक धक्का लागला की कपची उडते. मी धार अगदी शेवटपर्यंत नेत नाही. दीड-दोन मिमी जाडी शिल्लक ठेवतो आणि त्या खाचेत टाईलच्या रंगाचं इपॉक्सी भरून हलक्या हाताने गोल करतो. हे जमणारा माणूस नसेल तर स्टेनलेस स्टीलची कडपट्टी लावून घ्या.

सॉलिड सरफेस म्हणजे अ‍ॅक्रिलिक आणि खनिज पूड यांची पट्टी. हिचा मोठा गुण असा, की जोड त्याच जातीच्या गोंदाने होतो आणि घासल्यावर दिसतच नाही. त्यामुळे सिल आणि बाजूच्या पट्ट्या मिळून एकच तबक करता येतं, कोपरे गोल, सांधा कुठेच नाही. ओरखडे लवकर पडतात, हे खरं. पण रंग आरपार असल्यामुळे बारीक पॉलिश पेपरने ते निघतात. ती उन्हातान्हात दगडापेक्षा जास्त फुगते-आकसते, म्हणून टोकांना ३ मिमी मोकळे सोडून तिथे सिलिकॉन भरायचं.

आता लाकूड. तुम्हाला ते मनापासून आवडतं हे प्रश्नातून कळतंय, म्हणून नुसतं नको म्हणून सोडत नाही. लाकडाची तोंडं, म्हणजे जिथे धागे कापले जातात ती टोकं, अंगापेक्षा कित्येक पटींनी वेगाने पाणी ओढतात. सिलमध्ये नेमकी तीच टोकं भिंतीच्या आत लपलेली असतात आणि पॉलिशवाला फक्त दिसणारा भाग रंगवतो. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कुजवणारी बुरशी धरते. तुमचे कोपरे आधी कुजले ते यामुळेच. वर पीयू कितीही उत्तम असो, टोकातून शिरलेलं पाणी त्या थराखाली अडकतं आणि थर आतून उचलला जातो. म्हणून रंग "सोलतो". शिवाय पारदर्शक थरातून ऊन आत जातं, लाकडाचा वरचा पापुद्रा उन्हाने कमजोर होतो आणि पॉलिश त्या पापुद्र्यासकट निघून येतं. खिडकी शॉवरपासून लांब असती तर मी सागवान लावलं असतं: बसवण्याआधी सहाही बाजूंना पातळ इपॉक्सीचे दोन-तीन हात, टोकांना एक जास्त, वर उन्हाला टिकणारं पीयू, टोकांना भिंतीपासून फट. आणि दर दोन वर्षांनी घासून नवा हात द्यायची तयारी. शॉवरखाली एवढं करूनही मी हमी देऊ शकत नाही. लाकडाची ऊब हवी असेल तर ती आरशाच्या चौकटीत आणा. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड, तर बाथरूमच्या दारातूनही आत आणू नका.

गिलाव्यावर वॉटरप्रूफ रंग हा स्वस्त वाटणारा आणि सगळ्यात लवकर पश्चात्ताप देणारा पर्याय आहे. नव्या सिमेंटमध्ये क्षार तीव्र असतात, त्यावर तेली रंग लवकर मारला तर तो साबणासारखा चिकट होऊन सुटतो. निदान २८ दिवस गिलावा सुकू द्यावा लागतो. तेवढं थांबलात तरी चौकटीला लागून केसाएवढी चीर पडतेच, कारण चौकट आणि गिलावा वेगवेगळे हलतात. पाणी त्या चिरेतून रंगाच्या मागे जातं आणि फोड येतात. मायक्रोसिमेंटची, म्हणजे सिमेंटच्या पातळ सजावटी लेपाची, गत याच्यापेक्षा थोडी बरी: दोन-तीन मिमीचा थर, सगळी भिस्त वरच्या सीलरवर, आणि चौकटीजवळची तीच चीर. पीव्हीसीच्या पट्ट्या पाण्याला भीत नाहीत, भाड्याच्या घरात किंवा तात्पुरत्या कामाला चालतात. फक्त मीटरभर पट्टी ३० अंशांच्या फरकाने दोन मिमीच्या आसपास लांबते, तेवढी जागा ठेवा.

पट्टी कुठलीही निवडा, ती बसवताना खाली पोकळी राहता कामा नये. दातेरी थापीने खाली अ‍ॅडहेसिव्ह ओढायचं, पट्टीच्या पाठीला वेगळा पातळ हात द्यायचा आणि मग पुढे-मागे सरकवत दाबायची. दुसऱ्या दिवशी नाण्याने टकटक करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. आवाज सगळीकडे एकसारखा भरीव आला पाहिजे. पुढे आलेल्या कडेच्या पोटाला, टोकापासून १५ मिमी आत, ५-६ मिमी रुंद खाच मारून घ्या. पाणी कडेवरून वळून पोटाखालून मागे भिंतीकडे जातं, त्या खाचेपाशी ते तुटून खाली पडतं. दगड कापणाऱ्याच्या पाच मिनिटांचं हे काम आहे, पण आधी सांगितलं नाही तर कोणी करत नाही.

शेवटचा सांधा सिलिकॉनचा. पट्टी आणि चौकट यांच्यात ग्राउट कधीच भरू नका, ते तडकणारच. तिथे साधारण ५ मिमीची फट ठेवा, फोमची दोरी आत दाबा म्हणजे सिलिकॉन फटीच्या तळाला चिकटणार नाही. ते फक्त दोन्ही बाजूंना चिकटलं तरच रबरासारखं ताणलं जातं. तळालाही चिकटलं की फाटतं. सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचं घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा झोंबरा वास येतो ते सुकताना आम्ल सोडतं, संगमरवराला आणि धातूला ते चालत नाही. नैसर्गिक दगडासाठी डाग न पाडणारं असं नळीवर लिहिलेलं असतं, तेच मागा, नाहीतर सिलिकॉनमधलं तेल दगडात मुरून सांध्याच्या कडेने काळपट रेघ उमटते. जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही, म्हणून चौकटीवरचं जुनं ब्लेडने पूर्ण खरवडून स्पिरिटने पुसा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, एका दमात ओढा, लगेच गुळगुळीत करा आणि वर साय धरायच्या आत टेप काढा. सिलिकॉन २४ तासांत साधारण २ ते ३ मिमी खोलवर सुकतं, तेव्हा निदान दोन दिवस शॉवर बंद.

हा सांधा कायमचा नसतो. काळा पडला, कुठे सुटलेला दिसला, की काढून नवा भरायचा. वर्षातून एकदा नखाने पूर्ण लांबी चाचपून बघा. सिलची तेवढीच देखभाल खरी महत्त्वाची.

पुढचं ठरवायच्या आधी एक माप घ्या: चौकटीच्या खालच्या कडेपासून सध्याच्या उघड्या गिलाव्यापर्यंत किती मिमी जागा आहे. ढाळाचा माल, कोटिंग, अ‍ॅडहेसिव्ह आणि २० मिमीचा दगड मिळून मागच्या बाजूला ३५ मिमीच्या आसपास लागतात. तेवढी जागा नसेल आणि खाली तोडताही येत नसेल, तर ग्रॅनाइटचा हट्ट सोडून ९-१० मिमीची पोर्सेलिनची पट्टी घ्या. दगड बसावा म्हणून ढाळ कमी करू नका. माप आणि सिलची खोली कळवलीत तर कड किती पुढे ठेवायची तेही सांगतो.